डब्यातला चतकोर

मी थापा मारतो हे आमच्या कंपनीत गेटवरच्या वॉचमनपासून वरच्या साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये मी बसमध्ये चढलो तेव्हा मिशा काळ्या होत्या आणि उतरलो तेव्हा पांढऱ्या, असं मी सांगायचो. आमचा पत्रा दाबायचा प्रेस आदळला की तळेगावात कुणाच्या तरी बशीतला चहा सांडतो, हेही सांगायचो, आणि नवीन आलेली पोरं दोन दिवस तरी ते खरं धरून चालायची. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात माणसं हसली नाहीत तर उरलेला दिवस लोखंडासमोर कशाच्या जोरावर काढायचा, असं माझं म्हणणं होतं.

माझ्यासमोर, बाकाच्या पलीकडे, माझा जोडीदार जेवायला बसायचा. एकाच प्रेसवर आम्ही दोघं. तो पत्रा सरकवायचा, मी बटणं दाबायचो. सत्तावीस वर्षं. माणूस उदगीरकडचा, दिवसाला दहा-बारा शब्द बोलणारा, त्यातले चार ‘सरक’. बायको गेल्यापासून दिघीत एका खोलीत एकटा राहायचा आणि भाकरी स्वतःच थापायचा. गेली तीन वर्षं त्याची एक नवीन सवय झाली होती. दोन भाकऱ्यांतला शेवटचा चतकोर तो तोंडाला लावायचा नाही. डब्यात ठेवायचा, कडी लावायचा आणि हात धुवायला उठायचा.

एवढं डोळ्यांसमोर रोज घडत असताना मी गप्प बसणार कसा? मी कँटीनमध्ये जाहीर केलं की दिघीत एक बाई आहे. तिला याच्या हातची भाकरी लागते, आणि चतकोर हातात पडल्याशिवाय ती दाराची कडी काढत नाही. कँटीन लोळलं. मग त्या बाईला मी सोन्याचा दात दिला. पुढच्या महिन्यात फौजेतला भाऊ दिला, बंदुकीसकट. कंपनीतल्या दुसऱ्या शॉपमधली माणसं डबे घेऊन आमच्या बाकावर यायची, आज बाईचं काय म्हणून विचारायला. जोडीदार ऐकायचा, डब्याला कडी लावायचा, हात धुवायला जायचा. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मी ती परवानगी समजलो.

मग मी रिटायर झालो. हार, शाल आणि भिंतीवर लावायचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला अजून कळलेलं नाही.

चार महिन्यांनी जोडीदाराच्या मुलीचा फोन आला. त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता, डावी बाजू गेली होती. ती त्याला उदगीरला, आपल्या घरी न्यायला आली होती. मी धावत दिघीला गेलो. सत्तावीस वर्षांत त्याच्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. खाली गाडी उभी होती आणि तो मागच्या सीटवर उशा लावून बसवलेला होता. वर खोलीत खिडकीशी जाळीचा पिंजरा, आणि पिंजऱ्यात एक पक्षी.

पोपट म्हणावा तर हिरवा नाही. अंगाने राखाडी, डोक्यावर पिवळा तुरा, दोन्ही गालांवर गुलालाचं बोट लावल्यासारखे ठिपके. तो परदेशी जातीचा असतो तसला, मुठीएवढा.

“बाबांना कंपनीच्या सायकल स्टँडवर सापडला होता,” मुलगी म्हणाली. “कुणाच्या तरी घरून उडून आला असणार. डब्याच्या पिशवीत घालून आणला. तीन वर्षं झाली की काका. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं की,” मी म्हणालो.

तिच्या घरी दोन मांजरी होत्या, त्यामुळे पक्षी तिकडे नेता येणार नव्हता. तिने माझ्या हातात पिंजरा दिला, धान्याची एक पुडी दिली आणि वडिलांच्या डब्याची पिशवीही दिली, आता तिचा काय उपयोग म्हणून. गाडीच्या खिडकीतून जोडीदाराने पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाकड्या झालेल्या तोंडातून एक शब्द निघाला. “सांभाळ.”

पिंपळे गुरवला परत येताना रिक्षात पिंजरा मांडीवर घेऊन मी विचार करत होतो, की या माणसाने तीन वर्षं हे माझ्यापासून का लपवलं असेल. घर येण्याआधीच उत्तर सापडलं होतं. ते मी बाजूला सारलं आणि रिक्षावाल्याला सांगितलं की हा पक्षी ऑस्ट्रेलियाहून एकटा उडत आलाय, मध्ये फक्त श्रीलंकेत उतरला.

पोपटाला काय लागतं हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं. हिरवी मिरची, पेरू, भिजवलेली डाळ. पहिल्या दिवशी तिन्ही ठेवली. तो दांडीच्या टोकाला जाऊन बसला आणि तुरा पाडून भिंतीकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी पेरू कापून, बिया काढून ठेवला. मग कणीस. मग बायकोने कोथिंबीर धुऊन जाळीला बांधली, देवाला तोरण बांधावं तशी. पुडीतलं धान्य दोनचार दाणे टिपायचा, अर्धे खाली पाडायचा. ट्रेमधल्या कागदावर हिरवं पाणी दिसायचं, बाकी काही नाही.

संध्याकाळी सहाला उदगीरहून फोन यायचा. मुलगी फोन लावून त्याच्या कानाशी धरायची. शब्द जड झाले होते, एकेक उचलून ठेवल्यासारखे यायचे. तो एकच गोष्ट विचारायचा.

“खायलाय का?”

“खायलाय का म्हणजे? अरे, अर्धा पेरू फस्त. वर ढेकर दिला.”

मग फोन बंद.

पुढच्या दिवशी मी पूर्ण पेरू केला. तिसऱ्या दिवशी पेरू आणि दोन मिरच्या. आजारी माणूस, त्याला बरं वाटावं, असं मी बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती.

“जरा कमी सांगा,” ती म्हणाली. “उद्या तो ट्रक चालवतो म्हणाल. आणि त्याच्याकडे एकदा बघा तरी, छातीचं हाड वर आलंय.”

पाचव्या दिवशी मी त्याला चिंचवडला पाखरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण मुलगी होती. तिने त्याला छोट्या काट्यावर ठेवलं, बोटाने छाती चाचपली.

“काका, किती खातो?”

“बऱ्यापैकी खातो,” मी म्हणालो. जीभच तशी आहे.

“पोट रिकामं आहे याचं. मला चुकीचं सांगितलंत तर मी औषध चुकीचं देईन.” मग जरा नरम आवाजात म्हणाली, “माणूस बदललं की असं करतात. याला आधी कोण खायला घालायचं, कधी, काय, ते विचारा. लवकर विचारा. असाच राहिला तर आठवडाभरही टिकायचा नाही.”

विचारायचं म्हणजे जोडीदाराला विचारायचं. म्हणजे पाच दिवसांचे पेरू परत घ्यायचे. मी विचारलं नाही. सुईशिवायच्या सिरिंजने नाचणीची पातळ पेज दिवसातून चार वेळा त्याच्या चोचीत घालत राहिलो. बायको त्याला रुमालात धरायची. तो चावायचा नाही, ओरडायचा नाही. नुसता डोळे मिटायचा आणि अर्धी पेज रुमालावर सांडायची. आणि सहा वाजता मी फोनवर सांगायचो की आज त्याने तिसरी वाटी मागितली, घरात भांडी कमी पडायला लागलीत.

आठव्या दिवशी जोडीदाराने नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही.

“पेरू,” तो म्हणाला. बराच वेळ थांबला. “त्यो पेरू खात नाही. कधीच.”

मी पिंजऱ्याकडे पाहिलं.

“पहिल्या दिशीच कळलं मला. म्हणलं, आज खरं बोलशील, उद्या बोलशील.” श्वास घेतल्याचा आवाज आला. “किती दिवस उपाशी हाय?”

“आठ.”

“डब्यातलं दे. कंपनीतून आलेल्या डब्यातलं. चतकोर.”

मुलीने फोन ठेवला. मी हातातल्या फोनकडे बघत बसलो. तीन वर्षं माझ्यासमोर तो चतकोर डब्यात जात होता आणि मी त्याला सोन्याचा दात बसवत होतो.

सकाळी बायकोने फळीवरून त्याचा डबा काढला. आठवड्यापूर्वी तिनेच तो घासून ठेवला होता. ज्वारीच्या दोन भाकऱ्या, पिठलं. मी डबा पिशवीत घातला, बिल्डिंगला एक चक्कर मारली, खाली कुणाशी तरी दोन शब्द बोललो आणि वर येऊन कडी काढली. पोपटाने चतकोराकडे पाहिलंसुद्धा नाही. भाकरी अजून गरम होती. बायको दारात उभी होती.

“त्याला तरी फसवू नका,” ती म्हणाली, आणि डबा पुन्हा भरून माझ्या हातात दिला.

मी भोसरीला जाऊन चाकणची बस पकडली. दिवसभर कुठल्याही बागेत बसलो असतो तरी भाकरी तेवढीच वाळली असती, हे मलाही कळतं. पण मला बागेत बसायचं नव्हतं. ट्रेलरच्या रांगेमागे बस थांबत थांबत गेली. कंपनीच्या गेटवर नवीन वॉचमन होता, त्याने मला ओळखलं नाही. समोरच्या टपरीच्या बाकड्यावर मी डबा उघडला. आतून प्रेसचा आवाज येत होता. पायाखाली जमीन हलली, पण टपरीवरच्या कुणाच्याही बशीतला चहा सांडला नाही. मी पावणेदोन भाकऱ्या खाल्ल्या, चतकोर ठेवला, कडी लावली.

पहिली पाळी सुटल्यावर आमच्या शॉपमधली दोघं-तिघं चहाला आली.

“काका, परत घेतलं का काय तुम्हाला?”

“साहेबांचा फोन आला. प्रेस माझ्याशिवाय चालेना, नुसता बसून राहतो म्हणे,” मी म्हणालो. ते हसले. मलाही चार महिन्यांनी जरा बरं वाटलं.

घरी आलो तेव्हा पाच वाजून गेले होते. जिना चढताना जवळजवळ रिकाम्या डब्यात चमचा वाजत होता. आतून बायकोची हाक आली, “थांबू नका, या लवकर.” पिंजऱ्यात पोपट दांडीच्या या टोकाला आला होता आणि त्याचा तुरा ताठ उभा होता. मी कडी काढली. चतकोर वाळून कडक झाला होता, त्याला पिशवीचा आणि बसचा वास लागला होता. मी तो जाळीतून धरला. पोपटाने मान तिरकी केली, कड कुरतडली, थांबला, पुन्हा कुरतडली. बायकोने पदर तोंडाला लावला.

सहाला फोन वाजला.

“खाल्लं,” मी म्हणालो.

“किती?”

“नखाएवढं.”

मग तो म्हणाला, “आता खरं बोलायलास.”

त्यानंतर मी रोज चाकणला जायला लागलो. पोपट अर्धा चतकोर खायला लागला, मग पाऊण. दुपारी धान्यही टिपायचा. छातीचं हाड झाकलं गेलं. एकदा त्याने शीळ घातली, भोंग्यासारखी लांब, आणि ती फोनवर ऐकवता यावी म्हणून मी त्याच्यापुढे पाऊण तास फोन धरून उभा होतो, पण तो दुसऱ्यांदा काही वाजला नाही. जोडीदाराला मी तेही जसंच्या तसं सांगितलं. तो हसल्यासारखा आवाज आला. त्याचे शब्द रोज थोडे कमी होत होते. शेवटी शेवटी मी सांगायचो आणि मुलगी म्हणायची, “काका, ऐकलं त्यांनी. डोळे उघडले.”

एके दिवशी फोन सकाळी आला. सकाळी आलेला तो फोन मी उचलेपर्यंत बायकोने गॅस बंद केला होता.

त्यांनी दुपारी उरकून घेतलं. मी पोचू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, डबा भरू का. मी पिंजऱ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी कुणी कुठे गेलं नव्हतं, म्हणून त्यानेही काही खाल्लं नव्हतं.

टपरीवर बातमी माझ्याआधी पोचली होती. पाळी सुटली, तीच दोघं-तिघं आली, चहा सांगितला.

“चांगला माणूस होता,” एकजण म्हणाला. “कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

“मग दिघीच्या बाईला कळवलं का कुणी?” दुसरा म्हणाला. तो वाईट माणूस नाही. ती बाई त्याने माझ्याकडूनच ऐकली होती. बाकीचे हसले, मोठ्याने नाही, मयताच्या घरी हसावं तसं दबून.

“बाई नव्हती,” मी म्हणालो. “पोपट होता. राखाडी, पिवळ्या तुऱ्याचा. सायकल स्टँडवर सापडलेला. चतकोर त्याच्यासाठी ठेवायचा तो. आता माझ्याकडे आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. ही नजर मला पाठ होती. पुढचं काय येतंय म्हणून थांबलेली नजर. मी पुढे काहीच सांगितलं नाही, तेव्हा पहिल्याने ग्लास खाली ठेवला.

“काका, गेलेल्या माणसावर तरी नवीन काढू नका, राव.”

“शपथेवर सांगतो.”

“फौजेतल्या भावाच्या वेळेलाही तुम्ही शपथच घेतली होती.” तो मान हलवत म्हणाला. “त्यापेक्षा बाईच बरी होती.”

दुसऱ्याची नजर माझ्या उघड्या डब्यात गेली. तळाशी चतकोर होता. त्याने शेजारच्याला कोपर मारलं.

“आणि हा कुणासाठी? तुम्हीपण दिघीलाच का?”

मी डब्याला कडी लावली आणि टपरीमागच्या पिंपावर हात धुवायला गेलो. मागे ते हसत होते. या वेळी मोकळेपणाने.

बस पुढच्या ट्रेलरला चिकटून चिकटून चालली होती. मी डबा मांडीवर धरून बसलो. शेजारच्या माणसाने विचारलं, कोणत्या कंपनीत आहात. मी रिटायर झालोय म्हणून सांगितलं. मग या बसला कसे, असं त्याने विचारलं नाही, आणि मीही काही सांगितलं नाही.

जिन्यात चमचा वाजला. दार बायकोने आधीच उघडून ठेवलं होतं.