बॅटरीचं पाणी

लोधिवलीच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली दर्शना ही पहिलीच मुलगी. त्यातही विषय ॲनालिटिकल केमिस्ट्री. "म्हणजे नेमकं काय गं?" असं विचारलं की ती सांगायची, "कशात काय आहे आणि किती आहे, ते शोधायचं." सांगताना मान जरा ताठ व्हायची. शिकलेल्या पोरीनं एवढं मिरवलं तर कुणाचं काय जातं, असं आम्ही शेजारणी म्हणायचो. तेव्हा आम्हाला तरी काय ठाऊक.

प्रकल्पासाठी तिनं गावातल्या विहिरींचं पाणी तपासायला घेतलं. शेतातलं खत, गोठ्यातली घाण जमिनीत मुरली की पाण्यात नायट्रेट वाढतं, ते मोजायचं. त्यासाठी विहिरीचं पाणी आधी डिस्टिल्ड वॉटर घालून दहापट पातळ करायचं, मग त्यावर ॲसिडची प्रक्रिया करायची. जो पिवळा रंग येईल तो यंत्रात मोजायचा आणि आलेल्या आकड्याला दहानं गुणायचं. शिवाय नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवरही तेच सगळं करून बघायचं, त्याला ब्लँक म्हणतात. ब्लँकला रंग आला नाही, तरच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा.

सगळ्या विहिरी झाल्या, चंद्राबाईची तेवढी राहिली, आणि कॉलेजात डिस्टिल्ड वॉटर बनवणाऱ्या सेटचा हीटर जळाला. दर्शना कुठली थांबायला. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दुकानात मिळतंच की. तिनं खालापूरहून एक कॅन घेतला आणि एसटीनं कॉलेजात नेला. ब्लँक आधीच्या पाण्यावर घेतलेला होता, तोच तिनं धरला. पाणी बदललं की ब्लँक नव्यानं घ्यायचा, हे तिनं परीक्षेच्या पेपरात स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं.

चंद्राबाईच्या विहिरीचा आकडा पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आला.

चंद्राबाई आमच्यातली जुनी शेतकरीण. दर्शनाच्या बौद्ध घरासकट अर्धं गाव तिच्या विहिरीवर पाणी भरायचं, आणि तिनं कधी कुणाला अडवलं नाही. दर्शनानं विहिरीवरच सगळ्यांना सांगितलं, की हे पाणी पिऊ नका. बुधाजी तिथं बैलाला पाणी दाखवत होता. तो फणकारला, "आता ह्यांची पोरगी आमाला सांगनार, आमचं पानी नासलंय म्हनून."

"गप रं बुधाजी," चंद्राबाई म्हणाली. "शिकलेली पोर हाय. खोटं कशाला बोलंल?" मग दर्शनाकडे वळून तिनं हळूच विचारलं, "ल्हान पोरांना बाधतं का गं ते?"

दर्शनानं तोंडी परीक्षेत द्यावं तसं उत्तर दिलं. "हो काकी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना जास्त. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो, बाळ निळं पडतं."

चंद्राबाईनं काखेतला हंडा खाली ठेवला. तिच्या सुनेचं, अक्षदाचं, पहिलं बाळ दोन वर्षांमागे तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं, आणि ते कशानं गेलं हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्या बाळाची गुटी चंद्राबाई रोज स्वतःच्या हातानं उगाळायची, ह्याच पाण्यात. "व्हय का," एवढंच म्हणून ती रिकाम्या हंड्यानिशी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी रहाटाचा दोर सुटलेला होता. तिनंच तो काढून घरात ठेवला होता. गावातल्या तान्ह्या पोरांना गुटी द्यायला बायका तिलाच बोलवायच्या, तिनं जाणं सोडलं. अक्षदा सासूला एका शब्दानं बोलली नाही, पण चंद्राबाई तिच्यासमोर बसून जेवेनाशी झाली.

पुढं कॉलेजात प्रकल्पांची पोस्टर स्पर्धा आली. पोस्टरसाठी आकडा पक्का करावा म्हणून दर्शनानं त्याच कॅनमधलं पाणी घेऊन पुन्हा सगळं केलं, आणि ह्या वेळी ब्लँकही नव्यानं घेतला. ब्लँक पिवळा झाला. कॅनमध्ये दुकानदारानं बोअरचं पाणी भरलं होतं, आणि दहानं गुणताना त्या पाण्यातलं नायट्रेटही चंद्राबाईच्या नावावर जवळजवळ दहापट जमा झालं होतं.

तरीही ती लगेच बोलली नाही. स्पर्धा तोंडावर होती आणि अख्खं पोस्टर त्या एका आकड्यावर उभं होतं. स्पर्धा होऊ दे, मग सांगू, असं तिनं ठरवलं. दुसरं बक्षीस मिळालं. "लोक टाळ्या वाजवत होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं," असं ती मला नंतर रडत रडत म्हणाली. मी तिची समजूत काढली नाही. आला होता मला राग.

बक्षीस परत करून तिनं सरांना सगळं सांगितलं. "ब्लँक विसरणारी तू पहिली नाहीस," सर म्हणाले, "आकडा दुरुस्त कर." सरांचं काम तिथं संपलं. सेट दुरुस्त झाल्यावर तिनं पाणी पुन्हा तपासलं. चंद्राबाईची विहीर गावात सगळ्यात स्वच्छ निघाली.

ती तडक चंद्राबाईकडे गेली. मीही सोबत होते. ओटीवर बसून तिनं कॅन, ब्लँक, पिवळा रंग, सगळं सांगितलं. "चूक माझी आहे, काकी. तुमच्या पाण्यात काही नव्हतं. बाळ त्यानं गेलं नाही." सांगताना ती हुंदके देत होती.

चंद्राबाईनं शांतपणे ऐकलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणाची गं पोर. म्हातारीचं मन राखाया केवढं रचून आलीस."

"काकी, खरंच सांगते."

"तवा बी खरंच सांगितलंस की. तवा तर तुला ठावंबी नव्हतं, माज्या मनात काय हाय ते."

दर्शना उठली. तिनं घरातून दोर आणला, विहिरीवर जाऊन कळशी भरून आणली, आणि चंद्राबाईच्या समोर तांब्या भरून तोंडाला लावला. चंद्राबाई धावली. तिनं तो तांब्या हिसकावून घेतला आणि सगळं पाणी अळवात ओतून टाकलं.

"तू नको पिऊस," ती म्हणाली. "उद्या तुला पोरं व्हायची हायेत."