पाचशेवं नाव

प्रभाग सातमध्ये कोण नेमकं कोणत्या साली जन्मलं, हे दोघांनाच ठाऊक होतं. एक वरचा देव आणि दुसरी यादीबाई. देव काही बोलत नाही म्हणून निभावत होतं. यादीबाईला विचारायची मात्र कुणाची छाती नव्हती.

सव्वीस वर्षं ती या प्रभागाची मतदारयादी सांभाळत होती. तपासणीला घरोघर जायची, पण माणसांच्या आधी परसातली कपड्यांची दोरी बघायची. "हे इथेच असतात हो, आत्ताच जरा बाहेर पडलेत," असं एखादी म्हणाली आणि दोरीवर पुरुषाचा साधा सदरा नसला, की यादीबाई पेन्सिलीने त्या नावापुढे बारीक प्रश्नचिन्ह काढायची. आठ दिवसांनी पुन्हा दारात हजर! त्या प्रश्नचिन्हांनी दोन संसार मोडले आणि एक जमला म्हणतात. जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

तर यंदा गेलेले, शहरात पांगलेले, लग्न होऊन दुसरीकडे नांदणारे असे सगळे वगळून तिने बेरीज मारली. चारशे नव्याण्णव. पुन्हा मारली. पुन्हा तेच.

पाचशेच्या खाली प्रभाग गेला की तो शेजारच्या आठमध्ये विलीन, असा जिल्हा मंडळाचा नियम. म्हणजे इथलं मतदान केंद्र बंद, आणि यादी आठच्या कारकुनाकडे. तो गृहस्थ यादीवर चहाचा कप ठेवतो! यादीबाईला रडूच आलं.

तिच्यापेक्षा जास्त रडू आलं ते भाऊंना. भाऊ म्हणजे प्रभागाचे सदस्य, सलग तीनदा निवडून आलेले. पोस्टरवर दात दाखवून दाखवून आता घरी भांडतानाही त्यांचं तोंड मिटत नसे. प्रभाग गेला तर खुर्ची गेली.

"बाई," भाऊ टेबलावर वाकून कुजबुजले, "पोस्टमास्तरांच्या वडिलांना निवडणुकीपर्यंत दोन महिने जिवंत नाही का ठेवता येणार?"

"भाऊ, त्यांना पोचवायला तुम्हीच सगळ्यांत पुढे होतात. भाषणही ठोकलंत."

"ते झालं हो. पण कागदावर..."

"कागदावरही गेले ते."

भाऊंनी घाम पुसला. "मग एक तरी माणूस आणा. खरंखुरं, इथे राहणारं. तुमच्या सासूबाईच बघा ना. धाकट्या मुलाचं हक्काचं घर आहे की इथे."

यादीबाईच्या हातातली पट्टी खाली पडली.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सासूबाई चारचौघींत स्वतःला चोपन्न वर्षांच्या सांगायच्या. तपासणीत सूनबाईने जन्माचा दाखला पाहून लिहिलं एकसष्ट, आणि नियमाप्रमाणे यादी कचेरीबाहेरच्या फळ्यावर डकवली. सगळ्या गावाने ती वाचली. दुसऱ्याच दिवशी सासूबाई ट्रंक उचलून पुलापलीकडे, प्रभाग आठमध्ये, थोरल्याकडे गेल्या. तेव्हापासून दोघींमध्ये एक शब्द नाही.

पण यादी कपाखाली जाण्यापेक्षा सासू परवडली. यादीबाईने यादी पिशवीत घातली आणि पूल ओलांडला.

जाऊबाईंनी दार उघडलं. आतला आनंद लपवताना बिचारीची फार ओढाताण झाली. "न्यायला आलात? अगंबाई! ट्रंक माळ्यावर आहे, शिडी लावते हं मी."

सासूबाई पलंगावर बसून नखं कापत होत्या. मान वर केली नाही.

"येईन," सगळं ऐकून त्या म्हणाल्या. "पण वय पासष्ट लिहायचं."

"बहात्तर, आई."

"अडुसष्ट."

"ही काय मंडई आहे? बहात्तर. एक दिवस कमी नाही."

"मग बैस तुझे चारशे नव्याण्णव घेऊन!"

यादीबाई उठली, दारापर्यंत गेली आणि चिडून मागे वळली. "तुम्हाला वाटतं, एकट्या तुम्हीच म्हाताऱ्या झालात? हे बघा!" तिने यादी पलंगावर पसरली. "आमच्या सातमध्ये पासष्टच्या वरचे दोनशे त्रेचाळीस आहेत. जवळजवळ निम्मा प्रभाग! त्यात बायका एकशे एकावन्न. तिशीच्या आतले सगळे मिळून अडतीस. तरुण म्हणवून घ्यायला आता तिथे उरलंय कोण?"

सासूबाईंनी नेलकटर खाली ठेवला. चष्मा लावला. बोट ओळीओळीवरून फिरू लागलं. "ही शिंपीण? शहात्तर? मला ताई म्हणायची मेली!" आणखी चार पानं उलटली. चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"तो दात दाखवणारा मागच्या खेपेला किती मतांनी आला?"

"तिघं उभे होते. भाऊंना एकशे सत्तर मिळाली. का हो?"

"काही नाही. सहज." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बहात्तर लिही. चांगलं ठळक लिही."

भाऊ एवढे खूश, की स्वतःची गाडी घेऊन पुलापलीकडे गेले. ट्रंक स्वतः उचलली, सासूबाईंच्या पाया पडले, दात दाखवून फोटोही काढून घेतला. पाचशेवं नाव यादीत चढलं, प्रभाग वाचला. चौथ्या दिवशी पाचशेव्या मतदाराने कचेरीत जाऊन भाऊंच्या विरोधात उमेदवारीचा अर्ज भरला.

भाऊंचं तोंड पहिल्यांदाच मिटलं.

यादीबाईच्या हातात मात्र त्यानंतर तिसऱ्याच दिवशी कागद पडला: घरातली व्यक्ती उमेदवार असल्याने यादी दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी, ती निवडून आल्यास पुढची पाच वर्षं जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसावं. ती घरी येऊन भांडी आपटू लागली. नवरा गुपचूप पेपर घेऊन बाहेर सटकला.

"नको असेल तर तोंडाने सांग," सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या. "उद्या तीनपर्यंत अर्ज मागे घेता येतो. माझं काय, मी ट्रंक अजून पुरती उघडलेलीही नाही."

यादीबाई कढई घासत राहिली, बराच वेळ. घासायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

"दवाखान्याच्या पायऱ्यांचं काय करणार आहात?" तिने पाठमोरीच विचारलं. "एकशे एकावन्न जणींच्या गुडघ्यांची वाट लागलीय त्या चढून. पंधरा वर्षं भाऊ नुसते बघताहेत, हसताहेत."

"उतार बांधायचा. कठडा लावायचा."

"मग ते पत्रकात लिहा. मोठ्या अक्षरांत. निम्म्या जणींना चष्म्यानेही दिसत नाही." तिने कढई पालथी घातली. "आणि ट्रंक आवरा ती. येता-जाता पायात येते."

दुसऱ्या दिवशी तिने यादी आठच्या कारकुनाच्या हाती दिली. त्याच्या टेबलावरचा कप आधी स्वतः उचलून खिडकीत ठेवला, मगच हात सोडला.

दरवेळी ड्युटीवर असल्याने ती टपालाने मत द्यायची. यंदा सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच रांगेत उभी राहिली, चाळीस मिनिटं, गुडघे चोळत. सासूबाई नऊ मतांनी आल्या.

आता ती जन्ममृत्यूच्या खिडकीवर बसते. सासूबाई मंडळाच्या बैठकीहून परतल्या की जेवताना खोदून खोदून विचारतात, "अगं, मला दिलंस ना तू?"

"मतदान गुप्त असतं, आई," ती म्हणते आणि आमटी वाढते.