जमिनीकडे न वळवलेली तबकडी

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी शेजारच्या अक्कांना ‘साडीचोर’ म्हटलंत, तुमचे बाबा हसले आणि मीही हसले. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. गच्चीवरच्या आगीची जी गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, ती बाबांना मीच सांगितली होती. ती अर्धीच होती. उरलेली आज लिहिते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागेल, लागू दे.

तुमचे आजोबा धुळ्याला आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवत आणि मी तिथल्याच एका शाळेत इंग्रजी. निवृत्त झाल्यावर आम्ही जळगावला, पिंप्राळ्यातल्या या घरात आलो. इथलं ऊन वाया जातं याचं आजोबांना फार वाईट वाटे. दोंडाईच्याच्या एका केबलवाल्याकडून त्यांनी सूर्यचुलीसाठी जुनी मोठी डिश अँटेना आणली, पुरुषभर रुंदीची तबकडी. काचवाल्याकडून आरशाचे दोन-दोन इंचांचे चौकोन कापून घेतले. दोन महिने, रोज ऊन उतरल्यावर, ते तुकडे चिकटवत आणि मी पुसत असे.

“सकाळी का नको? सकाळी माझे डोळे चांगले चालतात,” मी म्हटलं.

“अर्धी तबकडी झाली की ती अर्धं भाजते, बाईसाहेब.”

उजेड नेमका कुठे गोळा होतो हे त्यांनी ओली फळी लांब काठीला बांधून शोधलं. डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा चष्मा होता. फळीवरचा कवडसा आधी ताटाएवढा होता, मग वाटीएवढा, मग रुपयाएवढा झाला आणि फळीतून वाफ निघाली. तिथेच त्यांनी पातेलं ठेवायला लोखंडी कडी बसवली. तबकडीच्या काठावर एक लांब खिळा सरळ उभा केला. खिळ्याची सावली दिसेनाशी झाली की तबकडी बरोबर सूर्यासमोर आली. सूर्याकडे बघायचंच नाही, सावलीकडे बघायचं.

त्यांचे नियम मला अजून पाठ आहेत. उभं राहायचं ते मागच्या बाजूला. आधी काळं पातेलं ठेवायचं, मग तबकडीवरचं झाकण काढायचं. काम झालं की तबकडीवर जुनी साडी टाकायची आणि तिचं तोंड जमिनीकडे वळवायचं. “कापडावर विश्वास ठेवू नकोस,” ते म्हणत. “कापड उडतं. तोंड जमिनीकडे म्हणजे जमिनीकडे.”

ते गेल्यावरही मी डाळ वरच शिजवत राहिले. एका माणसाच्या डाळीला गॅस कितीसा लागतो? पण सूर्य सरकतो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी वर जाऊन तबकडी थोडी फिरवावी लागे. दिवसभरात माझी एवढी गरज दुसऱ्या कोणालाच नव्हती.

तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात माझा उजवा खांदा धरला. तबकडी थोडी सरकवता येई, पूर्ण खाली वळवता येत नसे. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमचे बाबा म्हणाले असते, आता एकटी राहू नकोस. मग मी तबकडीवर नुसती साडी टाकू लागले.

आपल्या आणि अक्कांच्या गच्च्यांमध्ये गुडघाभर भिंत आहे. चैत्रात सगळ्या गच्च्यांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळतात आणि ते घालायला साड्या कधीच पुरत नाहीत. गच्चीवर दिसलेली जुनी साडी कोणीही न विचारता घेतं. मीही अक्कांच्या कितीदा घेतल्या होत्या. त्या दिवशी दुपारी अक्कांनी तबकडीवरची साडी ओढून घेतली, तबकडीकडे पाठ करून भिंतीपलीकडे अंथरली आणि बिबडे घालू लागल्या. तबकडीचं तोंड आकाशाकडेच होतं. तिच्यासमोरच्या खाटेवर आजोबांची गादी मी उन्हात टाकली होती. ती आता कोणी वापरत नव्हतं, तरी दरवर्षी टाकत असे.

सूर्य सरकला, तसा कवडसा गादीवर गेला; धूर अक्कांनाच आधी दिसला. गादी ओढताना त्यांचा हात उजेडातून गेला आणि कोपराखाली मोठा फोड आला. मग दोन बादल्या पाणी त्यांनीच ओतलं. मी वर पोहोचले तेव्हा सगळं विझलं होतं, आणि मी पहिलं वाक्य बोलले ते असं:

“न विचारता साडी घेतलीच कशी?”

“बाई, लुगडंच लिधं, सोनं नई लिधं!” अक्का अहिराणीत म्हणाल्या. “माले काय माहीत, त्याखाल तुमनी भट्टी शे!”

रात्री बाबांना फोनवर मी सांगितलं, शेजारणीनं साडी काढली. बाबा म्हणाले, तबकडी तरी जाईल नाहीतर तू तरी इथे येशील. आठवड्यात भंगारवाला तबकडी घेऊन गेला. आगीच्या दिवसापासून अक्का भिंतीशी आल्या नाहीत.

काल मी भिंतीशी गेले. त्या बिबडे उलटत होत्या. मी उभ्यानंच सांगून टाकलं: खांदा, तबकडी, बाबांना सांगितलेली गोष्ट, सगळं.

“माले माहीत व्हतं,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “रोज तबकडीनं तोंड खाले राहस. त्या दिन पानी टाकताना दखं, ते वर व्हतं. मी आंधळी शे का?”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमना पोऱ्या तुमले आपलासंगे लई जाता. मंग मी कोनासंगे बोलू?”

“अहो, तीन वर्षं आपण बोललोच कुठे!”

“दिसत तरी व्हत्यात ना,” त्या म्हणाल्या, आणि पुढची ओळ उलटायला सरकल्या. त्यांच्या हातावरचा डाग मी पहिल्यांदा नीट पाहिला. मला भिंत ओलांडून या म्हणाल्या नाहीत. मीही गेले नाही.

हे सगळं बाबांना वाचून दाखवा. मी इथे एकटी राहावं की नाही, हे त्यांनी पूर्ण गोष्ट ऐकून ठरवावं. खांदा अजून पूर्ण वर जात नाही, हेही सांगा.

तबकडी गेली, गादी गेली. आजोबांनी वेल्डिंग करून उभा केलेला तबकडीचा लोखंडी स्टँड गच्चीवर अजून आहे. त्याला मी तेल देते, म्हणून गंज नाही, आणि तबकडीचं ओझं नसल्यामुळे आता तो एका बोटानं फिरतो.