बांधावरची चार माणसांची मोकळी जागा

भूत, देवचार, चकवा — यातल्या कशावर माझा विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर अजूनही बसत नाही. म्हणूनच जास्त चीड येते. मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत बोलणं मला जमत नाही, म्हणून हे वहीत लिहिते आहे. कधी कुणी वाचलंच, तर हे काय होतं ते मला सांगा...

लग्न होऊन मी मिठबावला आले, त्याच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. साठ साल अजून उजाडायचं होतं. आमचे भाताचे कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, खाडीला लागून. खारं पाणी अडवायला मातीचा बांध. ज्येष्ठातल्या अमावस्येच्या उधाणाने त्या बांधाला खांड पडून पाणी आत आलं. तरवा, भाताची रोपं, लावणीला आलेला. खारं पाणी आठ दिवस आत राहिलं असतं, तर पुढची दोन-तीन वर्षं आम्हाला भात विकत घेऊन खावं लागलं असतं.

घरचे पुरुष मुंबईला. बांधावर आम्ही बायका आणि माती चोपायला दोन म्हातारे. सकाळच्या ओहोटीत जेवढं होईल तेवढंच काम, मग पाणी परत. मातीच्या टोपल्या हातोहात द्यायच्या. उभं राहायचं ते जमिनीच्या वाट्यांच्या क्रमाने, एका वाट्याचं एक माणूस. माझ्या आणि पार्वतीकाकीच्या मध्ये चार भावांचे चार वाटे होते. चौघेही बायकापोरं घेऊन मुंबईला गेलेले. त्यांची जागा मोकळी ठेवायची. कुणी दुसऱ्याच्या जागी उभी राहिली, तर उद्या ती बाई कुणग्यावर हक्क सांगेल, ही सगळ्यांना भीती. तेव्हा कुळकायद्याची चर्चा घरोघर होती.

त्यामुळे प्रत्येक टोपलीमागे मी आठ पावलं चिखल तुडवत काकीकडे जायची आणि आठ पावलं परत. दोन दिवस असंच चाललं. दोन्ही दिवशी भर अर्धवट राहिली आणि भरतीने धुऊन नेली. सगळ्यांनी जवळ सरकावं, एवढंच म्हणायचं होतं मला. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

पंचमीच्या सकाळी मला माझी टोपली माझ्याच जागेवर मिळाली. मग दुसरी, तिसरी... मला वाटलं, अखेर काकीला दया आली, तीच येऊन देते आहे. मान खाली घालूनच मी काम करते. चिखलाने भरलेले हात दिसायचे, टोपली दिसायची. वर बघितलं नाही.

भरती यायच्या आत खांड बुजली. एक म्हातारा माती चोपायचा धुमस टेकवत म्हणाला, "आज टोपल्यो सरसर इल्यो. काल काय पाय मोडले होते तुमचे?"

मी काकीला म्हटलं, बरं झालं तुम्ही येत राहिलात. ती उसळून म्हणाली,

"मी? मी एक पाऊल हलूक नाय. टोपली टोपलीक तूच इलंस गो."

"काकी, माझे पाय बघा. मी खंय येतलंय?"

माझे दोन्ही पाय ढोपरापर्यंत रुतले होते. दोन बायकांनी धरून मला ओढून काढलं. मधल्या आठ पावलांत चिखल सपाट, ताज्या पावलाची खूण नाही.

काकीला वाटलं, मी तिला खोटं पाडते आहे. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. चार भावांकडे पत्र घालून विचारलं — सगळी सुखरूप. त्या घरातलं कुणी मेलेलंही नव्हतं! मग भूत तरी कुणाचं म्हणायचं?

बांध टिकला. भात झालं. पुढल्या पावसाआधी डागडुजीला आम्ही पुन्हा त्याच क्रमाने उभ्या राहिलो, चार जागा मोकळ्या सोडून. त्या दिवशी मी पहिल्या टोपलीपासून मान वर ठेवली होती. डोळे दुखेपर्यंत बघत राहिले.

कुणी आलं नाही. समोर नुसती काकी, टोपली घेऊन ताटकळत. दुपारी मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "जवळ सरका गो." बाकीच्या आपापली जागा धरून उभ्या... आणि मग काकीच सरकली.