काजळाचं बोट

मी त्या गोऱ्या पोरीवर जळत होते. म्हातारपणी सगळं लिहायला बसलेच आहे तर हेही लिहून टाकते. ‘थोडं वाईट वाटायचं’ असले मुळमुळीत शब्द कशाला? जळत होते, चांगली धडधडून.

धुळ्यात गावाबाहेर परदेशी कॅथलिक नन्स अनाथ पोरांचं एक घर चालवायच्या. वीसेक पोरं, सगळी पाच-सहा वर्षांच्या आतली. माझा भाऊ हायस्कुलात मास्तर. तो संध्याकाळी तिथल्या मोठ्या मदरला मराठी शिकवायला जाई. मदर एकदा त्याला म्हणाली, पोरांशी त्यांच्या बोलीत बोलणारं, गोष्टी सांगणारं कुणी घरंदाज माणूस मिळेल का? पगार वगैरे नाही, नुसती मदत. भावानं माझं नाव सांगितलं. सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन मी त्याच्याकडे आले होते. पोटी मूलबाळ नव्हतं, आणि दिवसभर डाळी निवडून निवडायच्या तरी किती?

वहिनीनं कपाळावर हात मारला. “अहो वन्सं, बाटवतील हो तुम्हाला!”

“गोष्टी सांगून कुणी बाटत नाही,” भाऊ म्हणाला. “तिथलं पाणी पिऊ नकोस म्हणजे झालं.”

तेव्हा गावात प्रभातफेऱ्या निघत. भाऊ खादी घालून त्यात असायचा, आणि मी त्याच वेळी डोक्यावर पदर घेऊन उलट्या दिशेला चाललेली. शेजारणी काय सोडतात? “भाऊ गोऱ्यांना घालवतोय, बहीण त्यांची पोरं सांभाळतेय!” पोरं गोऱ्यांची नव्हती, आपलीच होती, पण कोणाकोणाचं तोंड धरणार?

त्या पोरांत एक मुलगी होती. तीनेक वर्षांची, साक्रीकडच्या कुठल्याशा खेड्यातून आणलेली. आई तापानं गेली, बापाचा पत्ता नाही. दोन महिने तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. खाटेखाली जाऊन बसायची आणि बाहेर काढलं की अंग ताठ करायची. मी तिला ओढलं नाही. त्या खाटेजवळ फरशीवर बसून रोज एका लबाड बकरीची गोष्ट सांगायचे, तिच्याकडे न बघता, अहिराणीत. तीन आठवडे बकरी रोज तेच वांग्याचं वावर खात होती. एक दिवस गोष्ट संपली आणि खाटेखालून आवाज आला, “आखो सांग.”

अगं बाई! मला रडू की हसू कळेना. पुन्हा सांगितली. मग ती बाहेर आली आणि माझ्या मांडीवर अशी बसली, जशी काही तिची ठरलेलीच जागा. मला अक्का म्हणायला लागली. मी निघाले की पदर धरून विचारायची, “कव्हय येशी?” उद्या येते, म्हणायचे. मला कुणी कधी येणार म्हणून विचारणारं जगात ती एकटीच होती. त्या दोन शब्दांवर मी पुढचा सगळा दिवस काढायचे.

आणि मग ती आली. मदरची भाची, बावीस वर्षांची, नन वगैरे नव्हे. सातासमुद्रापलीकडून वर्षभर पोरांची सेवा करायला आली म्हणे. तोंडभर तांबूस ठिपके, केस गवतासारखे. मराठी अशी की पोरांना “अहो, बसा” म्हणायची आणि मदरला “ए, ये”. पहिल्याच दिवशी तिनं काय करावं? दोन्ही हात फरशीवर टेकून घोडा झाली! पोरं पाठीवर चढली, केस ओढले, किंचाळली, आणि ही खिंकाळतेय. मी लुगडं सावरून भिंतीला टेकून उभी. मला जमणार होतं का ते? विधवा बाईनं घोडा व्हायचं म्हणजे!

माझी पोरगी आधी लांबून बघत होती. चौथ्या दिवशी तीही पाठीवर. आणि काय म्हणाली? “गोरी मावशी, आखो!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवडे फरशीवर बसून घसा मी कोरडा केला, आणि ही कालची बया आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आली! त्या दिवसापासून मी तिच्यात खोडी काढायला लागले. हिला पोरांच्या डोक्याला तेल लावता येत नाही. हिची वेणी सरळ नाही. हिला भरवता येत नाही. पोरांना त्याचं काही नव्हतं. वेडीवाकडी वेणी मिरवत तिच्याच मागं धावायची.

मला एकच गोष्ट अशी येत होती की जी तिला येणार नव्हती. काजळ. एरंडेलाचा दिवा लावून, वर तांब्याची ताटली उपडी घालून धरलेली काजळी मी तुपात खलायचे. आमच्याकडे पोराच्या डोळ्यात काजळ नसेल तर त्याला आई नाही असं लोक समजतात. मी माझ्या मुलीच्या डोळ्यात काजळ घालायला लागले, गालावर तीट लावायला लागले. म्हणजे बघणाऱ्याला कळावं, हिला कुणीतरी आहे.

त्या बाईला ती घाण वाटली. दुपारी ओलं फडकं घेऊन तिनं सगळं पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी परत घातलं, तिनं परत पुसलं. आठवडाभर आमचं हे युद्ध. दोघी एकमेकींशी हसून बोलत होतो बरं का! पोरगी बिचारी दोन्ही वेळा मान वर करून उभी राहायची.

मग एका सकाळी मला काय सुचलं कोण जाणे. पूस किती पुसतेस ते, म्हटलं. वीसच्या वीस पोरं ओळीनं बसवली आणि सगळ्यांना काजळ घातलं. एकाच डबीतलं, एकाच बोटानं. ओळीत दुसऱ्याच जागी एक मुलगा होता, त्याच्या पापण्या चिकटलेल्या, कोपऱ्यात पू. मी ते पाहिलं. दिसलं नाही असं खोटं कशाला सांगू? पाहिलं, त्याला काजळ घातलं, बोट पदराला पुसलं आणि पुढच्या पोराकडे वळले. माझं लक्ष दाराकडे होतं, ती कधी येते आणि बघते याकडे.

ती आली, बघितलं. फडकं भिजवून सगळ्यांची तोंडं पुसली.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे डोळे आले. वीस पोरं लाल डोळ्यांनी रडतायत. माझ्या मुलीचे सर्वांत वाईट, पापण्या बोरांसारख्या सुजून गच्च मिटलेल्या. मदरनं आम्हा दोघींना बोलावलं आणि हे कशानं झालं विचारलं.

मी म्हणाले, “त्यांनी एकाच फडक्यानं सगळ्यांचे डोळे पुसले.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं. ती गोरीमोरी झाली, मान खाली घातली. मी बोटाबद्दल बोलेन म्हणून ती थांबली होती, आणि मी बोलले नाही. मदरनं तिला पोरांच्या खोलीत जायला बंदी केली आणि पुढल्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या घरी पाठवायचं ठरवलं. मला आनंद झाला. खरंच झाला. रस्त्यानं घरी जाताना मी गुणगुणत होते.

मग मी शुश्रूषेला लागले. उकळून गार केलेलं पाणी, बोरिक पावडर, प्रत्येक पोराला वेगळा कापूस. माझ्या मुलीला मांडीवर घेतलं तर तिनं अंग ताठ केलं, अगदी त्या खाटेखालच्या दिवसांसारखं. कापूस जवळ नेला तशी किंचाळली, “तुना बोट नको! झोंबस!” दोन दिवस तिनं पेज घेतली नाही. मिटल्या डोळ्यांनी दाराकडे तोंड करून “गोरी मावशी, गोरी मावशी” एवढंच चाललेलं. मी बकरीची गोष्ट सुरू केली, तर कानांवर हात.

खाई त्याला खवखवे. पण खरं सांगू? पश्चात्ताप म्हणून मी मदरकडे गेले नाही. पोरगी उपाशी मरेल या भीतीनं गेले. उभ्या उभ्या सगळं सांगितलं: डबी, बोट, तो पू आलेल्या डोळ्यांचा मुलगा. मदर म्हणाली, “बाई, पोरांचे डोळे बरे होईपर्यंत तुम्ही येऊ नका.” तिचं मराठी भावानं शिकवलेलं, चुका नसलेलं. भाचीला तिनं तिथेच ठेवलं.

घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. वहिनी म्हणाली, “आली ना अक्कल?” मी डाळ निवडत बसले.

महिन्यानं निरोप आला, या. मी गेले. ती गोरी पायरीवर बसली होती, माझी मुलगी तिच्या मांडीवर. डोळे स्वच्छ, टपोरे. मला बघितलं आणि पोरीनं दोन्ही तळहात डोळ्यांवर घट्ट दाबून धरले.

“अक्का आल्या,” ती गोरी म्हणाली आणि हळूच तिचे हात सोडवायला लागली. तिच्या जागी मी असते तर सोडवले नसते.

पोरीनं दोन बोटांच्या फटीतून बघितलं. “बोट दखाड,” म्हणाली.

मी दोन्ही हात पुढे केले. तिनं लांबूनच एकेक बोट तपासलं, मग दोन्ही हात उलटे करायला लावले, मग पुन्हा सुलटे. मी तीन-चार पावलं पुढे सरकले.

“तठेच बस,” ती म्हणाली.

मी तिथेच अंगणात बसले. तिथूनच बकरीची गोष्ट सांगितली, जरा मोठ्या आवाजात. बकरीनं वांगं चोरलं तेव्हा ती खुदकन हसली, पण तोंड त्या गोरीच्या खांद्यात खुपसून.