मायचा हूं

गुजरातीत 'हुं' म्हणजे मी, हे मला आमच्या गल्लीतल्या कापूस-दलालाच्या बायकोनं शिकवलं. हिंदीत 'हूँ' म्हणजे आहे, हे जबलपूरकडून अकोल्याला बदलून आलेल्या कारकुनाच्या मुलीकडून कळलं. बांगड्या भरायला येणारी खाला मला दटावायची, "खाली हूँ-हाँ मत कर बेटी, लेना है तो बोल." मराठीत तर या शब्दाला काही धरबंदच नाही. रुसलेली पोर हूं म्हणते, संशय आलेला मास्तर हूं म्हणतो, दाढ दुखणाराही हूंच म्हणतो. आणि जी 'हूं की चूं' करत नाही ती सून गुणाची, असं आमच्याकडे समजत.

त्या हिशेबानं माझी माय भारीच गुणाची होती. वलगावहून लग्न होऊन ती अकोल्याला आमच्या माळ्यांच्या घरात आली. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही घरची रीत. समोर उभं राहायचं नाही, आवाज ऐकू जाऊ द्यायचा नाही. त्यांनी काही सांगितलं तर दाराआडून हूं म्हणायचं, तेवढीच मुभा. मला त्या रितीचा राग यायचा, अजूनही येतो.

पण आजोबांना बोलायला माणूस लागायचं. आजी मी पाळण्यात असतानाच गेली होती. माझा बाप दिवसभर मळ्यात राबायचा आणि बोलण्यात अगदी कंजूष. आजोबा सकाळी बाजारात भाजी विकत, दुपारी घरी येऊन हातपाय धूत आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पोतं टाकून बसत. पाठ दाराकडे. आत माय मेथीच्या जुड्या बांधत असे. मग अंगणातल्या कडूलिंबाकडे पाहून त्यांचं सुरू होई. "आज वांगे लवकर सरले." आतून हूं. "सांबार अर्धा वाळून गेला." आतून हूं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. मला गोष्ट सांगतानाही त्यांना हुंकार लागायचा. मी थांबले की तेही थांबत. "भिंतीले सांगू का मी?" म्हणत.

मायचा हूं मात्र एकसारखा नसे. पसंत पडलेल्या गोष्टीला तो झटकन येई. नापसंत असली की लांबट, विहिरीतून बादली ओढल्यासारखा. "म्हैस घ्याव म्हनतो," यावर असा लांब हूं आला आणि म्हैस काही घरी आली नाही. बाजारात आजोबा सांगत, "मले नाई पसंत पडली." हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नसावं आणि आजोबांच्या तर मुळीच नाही, असं मी समजत होते.

मी मराठी सहावीत होते. सातवी पास झालं की अमरावतीला ट्रेनिंग करून मास्तरीण होता येतं, हे शाळेतल्या बाईंनी माझ्या डोक्यात भरवलं आणि मी मायच्या. तेवढ्यात नांदगाव खंडेश्वरचं स्थळ आलं. विहीर, संत्र्याची बाग, मुलगा निर्व्यसनी. वाईट काहीच नव्हतं, आणि तेच वाईट. नाही म्हणायला जागाच नव्हती. मायनं बापाला विचारून पाहिलं. "बाच्या पुढं मी का बोलू?" असं म्हणून तो पायात वहाणा सरकवून मळ्यात निघून गेला.

त्या दुपारी मी मायजवळ शेंगा निवडत बसले होते. आजोबा बाहेर नेहमीच्या जागी बसले. "नांदगावचे लोक भेटले बजारात," ते म्हणाले. "आपल्या पोरीले मांगून राहिले."

आतून काहीच नाही.

"बाग हाय त्याईची. मानसं बी चांगले हायेत."

काहीच नाही. नुसत्या सवयीनं तिच्या तोंडून हूं निघाला असता तरी सगळं संपलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिनं पदराचा बोळा दातांत घट्ट धरला होता.

"आयकून राहिली ना वो बाई?" आजोबा खाकरले. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, बहिऱ्याला सांगावं तसं मोठ्यानं. मायच्या हातात मेथीची जुडी तशीच होती. बराच वेळ वाट पाहून ते उठले, पोतं झटकलं आणि चहा न घेताच निघून गेले.

त्यानंतर ते दाराशी आलेच नाहीत. घरात सगळे दबकत वावरू लागले. मी शाळेत जायची, पण फळ्यावर काय लिहिलंय ते डोक्यात शिरत नसे. आता हट्टानं ते सोयरीक पक्की करणार, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

पाहुणे बोलणी करायला आले. मायनं मुकाट्यानं पोहे केले, बापानं नेऊन दिले. मला केव्हा बाहेर बोलावतात म्हणून मी दाराआड उभी होते.

"सोयरीक जमत नाई, पाव्हनं," आजोबा म्हणाले.

"कावून जी?"

"सुनेनं हूं नाई म्हटलं."

पाहुण्यांना आधी थट्टाच वाटली. एक जण हसत म्हणाला, "सुनेच्या हूंवर घर चालते का तुमचं?"

"चालते," आजोबा म्हणाले. "आजवर म्या सांगतलं, तिनं आयकलं. आता एकडाव थे नाई म्हनून राहिली, तं मले बी आयकाले पायजे."

पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. बाप मान खाली घालून बसला होता. मी आत धावत जाऊन मायला मिठी मारली. आवाज बाहेर जाऊ न देता आम्ही दोघी पोटभर रडलो.

आजोबांना हे महागात पडलं. भाजीबाजारात लोक त्यांना 'हूंवाले आबाजी' म्हणू लागले, आणि सोयरिकीच्या बैठकीला त्यांना कुणी बोलावेनासं झालं. ते चिडत नसत. काही दिवसांनी पुन्हा दाराशी पोतं पडलं, कडूलिंबाकडे पाहून वांग्यांचं सांगणं सुरू झालं, आतून हूं येऊ लागला. रीत मात्र मोडली नाही. आमच्या घरातली रीत एवढ्यानं मोडणारी नव्हती.

मी सातवी पास झाले आणि अमरावतीला गेले. ट्रेनिंगचा निकाल लागला त्याच आठवड्यात आजोबा वारले. निकाल सांगायच्या घाईनं मी अकोल्याला आले, तर त्यांना अंगणात ठेवलेलं होतं. मी मायच्या कानात सांगितलं. ती उठली, डोक्यावरचा पदर नीट केला, सगळ्या माणसांदेखत त्यांच्या उशाशी जाऊन बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "मामाजी, पोरगी पास झाली जी. मास्तरीण झाली."

त्यांच्यासमोर तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. बाया तिला धरायला पुढे आल्या. तिनं हातानंच त्यांना थांबवलं आणि आजोबांच्या तोंडाकडे पाहत थोडा वेळ वाट पाहिली.