बाईंनी नावं ठेवली नाहीत

महालक्ष्म्यांचं जेवण यंदा माझ्या घरी, हे कळल्यावर नात्यातल्या दोघातिघांनी म्हणे घरूनच थोडं खाऊन निघायचं ठरवलं होतं. त्यांचं काही चुकलं नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या सणाला माझं काम ठरलेलं: राजूरला थोरल्या जाऊबाईंकडं जायचं, भाज्या निवडायच्या आणि बोलणी खायची.

जाऊबाईंना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. माझ्या हातच्या एकाही पदार्थाला त्यांनी कधी बरं म्हटलेलं नाही. एकदा माझी पुरणपोळी उलटीपालटी करून म्हणाल्या, "पाहुण्यांना वाढायचीय गं, छपरावर न्हाई घालायची."

अशा बाईंचा श्रावणात फोन आला. "यंदा लक्ष्म्या तुझ्याकडं, जालन्याला. मुखवटे घेऊन जा."

आमच्यात मुखवटे एकदा दुसऱ्या घरी बसले की माघारी नेत नाहीत. सासूबाईंनी ते बाईंना दिले, आणि पुढच्या महालक्ष्म्यांना सासूबाई नव्हत्या. बाईंनी कारण सांगितलं गुडघ्यांचं. पण त्या दोनदा संभाजीनगरच्या दवाखान्यात तपासणीला जाऊन आल्या होत्या, आणि रिपोर्टचं विचारलं की म्हणायच्या, "सण होऊ दे, मंग बघू."

मुखवटे आणले त्या दिवसापासून मी मनातल्या मनात एकच मागून राहिले होते: माझं काहीतरी असं बिघडू दे, की बाई चिडून म्हणतील, हिला जमत नाही, पुढच्या वर्षी मीच येऊन करते. बिघडवण्यात मी तशी तरबेज. पण या वेळी सगळं सरळ होत गेलं. लक्ष्म्या पहिल्या खेपेलाच नीट उभ्या राहिल्या. पुरण करपलं नाही. पोळी फुटली नाही. बाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पोळी बघून म्हणाल्या, "छान झालीय."

नणंदेचा हात भज्यांच्या पिठातच थांबला. "वहिनी," ती माझ्या कानाशी आली, "आता हसायचं का घाबरायचं?"

"आधी भजी तळ," मी म्हणाले.

नैवेद्य दाखवेपर्यंत आमच्यात काही चाखत नाहीत. मीठ दरवर्षी बाईच सांगायच्या, नुसत्या वाफेवरून. कटाच्या आमटीचं पातेलं मी त्यांच्यापुढं धरलं. त्या वाकल्या, क्षणभर थांबल्या. "बराबर आहे," म्हणाल्या.

दिवेलागणीला आरती झाली, पानं वाढली. भाऊजींनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, आमटीभात कालवला, पहिला घास घेतला आणि पाण्याच्या तांब्याकडं हात नेला. माझ्या नवऱ्यानंही नेला. मी चाखली. आमटी कसली, लोणच्याचा खार होता. नणंदेनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. मीठ दोघींनीही टाकलं होतं.

मला, खरं सांगते, आनंद झाला. आता बाई बोलणार. पंगतही त्याचसाठी गप्प होती. सगळे त्यांच्या पानाकडं बघत होते.

बाई सावकाश जेवत होत्या. त्यांनी अजून एक पळी मागून घेतली. भातावर ओतली, खाल्ली.

"आमटी चांगली जमली गं तुला," त्या म्हणाल्या.

भाऊजी कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. मग वाटी पुढं करून मला म्हणाले, "मलाही वाढा." आणि मान खाली घालून त्यांनी ती संपवली.

जेवणं झाल्यावर बाई माझ्यामागं आत आल्या. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"बाई, आमटीत मीठ दोनदा पडलंय."

त्या खुर्चीवर टेकल्या. "सगळे जेवले?"

"सगळे."

"कोणी बोललं न्हाई?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

त्या थोडं हसल्या. "राखीपासून चव न्हाई मला. वासबी येत न्हाई. यांना कळू दिलं न्हाई, अंदाजानं करून राह्यले."

"आणि रिपोर्ट?"

"पोळ्यालाच आला." त्यांनी एकदा दाराकडं बघितलं. "वही आण एक. सोळा भाज्या कोणत्या, फुलोऱ्यात काय काय तळायचं, सगळं लिहून घे."

"लिहायचं कशाला? पुढच्या वर्षी तुम्हीच बसा इथं खुर्ची टाकून. बोलणी खायची सवय आहे मला."

"जल्दी आण. हे आत येतील."

बाहेर पानं उचलल्याचा आवाज येत होता. मी लेकीची वही आणली, कोरं पान काढलं.

"आंबील," बाई म्हणाल्या. "पीठ आदल्या दिवशी भिजवायचं."

मी लिहिलं.